फोटोत पाय नाहीत

"चपला इथंच काढा, काका. सगळ्यांनी."

फाटकावरचा जवान वाईट बोलला नाही. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. दिवसभर तेच तेच सांगून कंटाळलेल्या माणसाच्या आवाजात त्यानं सांगितलं. त्याच्या मागं मंत्र्याचा बंगला होता. अधिवेशनासाठी नुकताच रंगवलेला. रंगाचा वास फाटकापर्यंत येत होता.

"काहून?" दौलतनं विचारलं. दौलत माझा लहानपणापासूनचा सोबती.

"वरून ऑर्डर आहे. आजकाल कोणीही जोडा फेकून राहिलं. टीव्ही नाही पाहत का?"

टीव्ही आम्ही पाहत होतो. कुठल्यातरी शहरात कुठल्यातरी पुढाऱ्यावर कुणीतरी जोडा फेकला होता. सगळ्या वाहिन्या दिवसभर तेच दाखवत होत्या. जोडा त्या पुढाऱ्याला लागला नव्हता. बाजूनं गेला होता. तो असा आमच्या पायाशी येऊन पडला.

आमच्या पुढं व्यापाऱ्यांची मंडळी होती. पायात चकचकीत बूट. ते तसेच आत गेले. जवानानं त्यांच्यासाठी दार धरलं.

"त्यांचे बूट?" मी म्हटलं.

"बूट कोण फेकते, काका? लेस सोडता सोडताच पकडला जाईन माणूस."

शेजारचे दोघं हसले. मीही हसलो. हे मुद्दाम लिहितो. मीही हसलो, वाकलो आणि चपला काढल्या.

माझ्या बापाला चालताना चपला हातात धराव्या लागत. रोज नाही. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दारावरून जाताना तेवढ्या. आमच्या आळीतल्या सगळ्यांनाच. मालगुजारी गेली, कायदा आला, मालगुजाराची पोरं नागपूरला राहायला गेली, दाराला कुलूप लागलं. तरी बाप त्या कुलपासमोर चपला काढायचा. मी त्याचं बोट धरून चालायचो. एकदा विचारलं, "आत तर कोणी नाही न, बाबा?" तो म्हणाला, "पायाले सवय झाली रे."

मी शिकायला नागपूरला निघालो तेव्हा त्यानं मला पारशिवनीच्या बाजारातून चपला आणल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या. एस.टी.त बसवताना म्हणाला, "देवापुढं काढजो. मानसापुढं नोको काढू."

मी काढल्या. त्या मंत्र्याच्या फाटकावर, पिकल्या केसांचा, नातू खेळवायच्या वयाचा मी.

आता आम्ही तिथं कशाला गेलो होतो ते सांगतो.

आमचं गाव पारशिवनीच्या पुढं, जंगलाच्या कडेला. गावात सातवीपर्यंत शाळा होती. पोरं कमी म्हणून पाचवीपासूनचे वर्ग बंद करायचं ठरलं. पुढची शाळा जंगलातल्या रस्त्यापलीकडच्या गावात. त्या रस्त्यावर वाघाच्या पावलांचे ठसे सकाळी सगळे पाहतात. पोरगे सायकलवर टोळी करून जातील, पण पोरींना कोण पाठवणार? माझ्या धाकट्या भावाची सून वंदना, तिची मुलगी पूनम तेव्हा चौथीत होती. वंदनानं आळीतल्या बायांना गोळा केलं. मग आळीबाहेरच्याही आल्या. मोर्चा न्यायचा ठरला, आणि अधिवेशन संपेपर्यंत उठायचं नाही असंही ठरलं. बायांनी पीठ बांधून आणलं, चुलीसाठी काड्या आणल्या, लेकरं आणली.

आणि बोलायला मला घेतलं. मी नागपुरात नोकरी केलेला माणूस. शुद्ध बोलतो, 'काहून' म्हणत नाही. मंत्र्यापुढं आपला माणूस अडखळायला नको, असं वंदनाच म्हणाली होती. "मोठे बाबा बोलतीन. त्यांच्यापुढं कोण्या मंत्र्याचं चालते?"

मला ते फार गोड लागलं होतं.

आमच्या नागपुरात सरकार आलं हे वर्तमानपत्रात वाचावं लागत नाही. दुभाजकाला पिवळा-काळा रंग लागला की समजायचं, हिवाळा आला आणि सरकारही आलं. ज्या रस्त्यानं गाड्या जाणार त्याच रस्त्याचे खड्डे बुजतात. गल्लीच्या तोंडाशी डांबर थांबतं, सुरीनं कापल्यासारखं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो. मुंबईहून आलेली मंडळी हुरडा खातात, संत्री खातात, सावजीचं तिखट खाऊन नाक पुसतात, आणि एक दिवस निघून जातात.

आणि मोर्चे येतात. मोर्च्याची एक रीत आहे. मोर्चा ठरलेल्या रस्त्यानं निघतो आणि ठरलेल्या ठिकाणी कठड्याशी अडतो. पोलीस प्रेमानं बोलतात. मग आतून निरोप येतो, पाच जण पाठवा. त्या पाच जणांना शिष्टमंडळ म्हणतात. ते आत जाऊन येतात, गाडीवर चढतात आणि माइकवर एकच वाक्य बोलतात. "चर्चा सकारात्मक झाली." लोक टाळ्या वाजवतात, सोबत आणलेली भाकर सोडतात, खातात आणि गावाला जातात. मी आयुष्यभर हे पाहत आलो. मुंबईतले चेहरे बदलले, दिल्लीतलं राज्य बदललं, गमछ्यांचे रंग बदलले. हे वाक्य कोणी बदललं नाही.

ज्या मंत्र्याकडं आम्ही गेलो, तो आमच्या ओळखीचा होता. म्हणजे आम्ही त्याला ओळखत होतो. तो विरोधात होता तेव्हा आमच्या भागातल्याच एका मोर्च्याच्या ट्रकवर चढून त्यानं भाषण केलं होतं. "गरिबाच्या पोरीच्या शाळेसाठी मी तुरुंगात जाईन." बाया रडल्या होत्या. मग त्यानं गमछा बदलला आणि तुरुंगाऐवजी मंत्रिमंडळात गेला. आम्हाला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, आपल्याला ज्यानं शब्द दिला तोच आता खुर्चीत आहे.

आतली फरशी संगमरवरी. थंडीचे दिवस. माझ्या टाचांना भेगा पडतात, हिवाळ्यात जास्त. चपला असल्या की ते कोणाला दिसत नाही. त्या पांढऱ्या फरशीवर माझे पाय मला पहिल्यांदाच दिसल्यासारखे दिसले. बुटांच्या मधे आमचे पाच जणांचे काळे, भेगाळलेले, मातीनं भरलेले पाय. मी एक पाय दुसऱ्याच्या मागं लपवायला लागलो. मग दुसरा दिसायला लागला.

साहेब टीव्ही बघत होते. दिल्लीतलं काहीतरी चाललं होतं. कुणाचं खातं कुणाला मिळणार, असलं. त्यांचा स्वीय सहायक पुढं वाकून काहीतरी पुटपुटला. साहेबांनी आमच्या हातातलं निवेदन घेतलं आणि न बघता सहायकाकडं दिलं.

"पुलाचं ना? करून टाकू."

पुलाचं दुसऱ्या कोणाचं होतं. आमच्या मागं उभ्या असलेल्यांचं असेल.

दौलतनं मला कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाला, "शाळेचं सांग न लेका."

मी तोंड उघडलं. घरून घोकून आणलेलं सगळं भाषण डोक्यात होतं. संविधान होतं, शिक्षणाचा हक्क होता, वाघ होता, पूनम होती. आणि मी खाली बघत होतो. पाय कुठं ठेवू, एवढंच मला सुचत होतं.

मी म्हणालो, "हो साहेब. आभारी आहे."

एवढंच बोललो. 'शाळा' हा शब्द त्या खोलीत कोणीच उच्चारला नाही. बाकीचे चौघं गप्प राहिले, कारण बोलायचं काम माझं होतं.

"चला, फोटो," सहायक म्हणाला. निवेदन परत आमच्या हातात दिलं. एक टोक साहेबांनी धरलं, एक मी. फोटोवाला म्हणाला, "काका, खाली नका बघू. इकडं बघा. हसा." मी हसलो. निवेदन सहायकानं पुन्हा काढून घेतलं.

बाहेर आलो तर चपला नाहीत.

"सफाई झाली न," जवान म्हणाला. "दिल्लीवरून मोठे साहेब येऊन राहिले. फाटकासमोर चपलांचा ढीग बरा दिसते का? कचऱ्याच्या गाडीत गेल्या." आणि दौलतचं तोंड बघून म्हणाला, "सोन्याच्या होत्या का, काका?"

"माह्या पोराच्या होत्या गा," दौलत म्हणाला. "त्याच्याजवळून मागून आनल्या होत्या. मंत्र्याकडं जाचं म्हणून."

आम्ही पाच म्हातारे अनवाणी रस्त्याला लागलो. दुपार होती, तरी रस्ता गार. सावलीत जास्तच. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. कठडा दिसायला लागला तेव्हा दौलत थांबला.

"बायांले काय सांगाचं?"

"मी सांगतो."

"अन् चपला?"

"घाईत राहिल्या म्हण."

"पाचही जणांच्या?"

"कोणी विचारत नाही, दौलत."

वंदनानं विचारलं. कठड्याच्या आत पाय ठेवला नाही तोच तिनं आधी माझ्या पायाकडं पाहिलं. "मोठे बाबा, चपला कुठी गेल्या?"

"घाईत राहिल्या."

तिनं मान हलवली. तिला पटलं की नाही, ठाऊक नाही. पण तिनं लगेच आपल्या पायातल्या काढल्या. निळ्या पट्ट्याच्या रबरी स्लिपर. माझ्या पुढ्यात सरळ करून ठेवल्या. "घाला. रस्ता चावते."

मी घातल्या. माझी अर्धी टाच मागं बाहेर राहत होती. तशा पायांनी मी गाडीवर चढलो. खाली सगळ्या बाया, मांडीवर लेकरं, चेहरे वर केलेले. पूनम पुढंच बसली होती. माझ्या हातात माइक दिला.

त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो की बायांनो, त्यांनी आमच्या चपला काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या, आणि मी तुमची शाळा मागितलीच नाही. पण मी त्यांचा शिकलेला माणूस होतो. शिकलेल्या माणसाचा अपमान होत नाही, अशी त्यांची समजूत होती. माझीही होती. ती मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं.

मी म्हणालो, "चर्चा सकारात्मक झाली."

टाळ्या वाजल्या. कोणीतरी माझ्या नावाचा जयजयकार केला. बायांनी पिठाची गाठोडी न सोडताच उचलली. अधिवेशन संपेपर्यंत उठणार नाही म्हणून आलेल्या बाया त्याच संध्याकाळी टेम्पोत बसून गावाला गेल्या. वंदना अनवाणी चढली. मी नागपुरातच राहतो, म्हणून खाली उभा राहून हात हलवत होतो. तिच्या स्लिपर माझ्या पायात होत्या.

उन्हाळा गेला आणि वर्ग बंद झाले. मुलांसाठी गाडी येईल म्हणाले होते. आली पंधराएक दिवस. मग चिखलाचं कारण झालं, मग डिझेलचं, मग कारण सांगायलाही कोणी उरलं नाही. पोरगे सायकलवर गेले. पोरी घरी राहिल्या. पाचवीत जायची पूनम बकऱ्यांमागं गेली.

गावात कोणी मला दोष दिला नाही. "मोठे बाबांनी तं केलं, वरच्यांनी खाल्लं," असं म्हणायचे. फोटो वर्तमानपत्रात आला होता. वंदनाच्या घरी तो काचेत बसवून लावला होता. मी आणि साहेब, मधे निवेदन, दोघंही हसतो आहोत. कमरेपर्यंतचा फोटो. पाय नाहीत. गेलो की मला त्याच्याच खाली बसवत. दौलत त्या फोटोकडं पाठ करून बसायचा. तो कोणालाच काही बोलला नाही. तसाच गेला बिचारा. शेवटी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "तू सांगशीन वाटलं होतं एक ना एक दिवस." मी त्याचा हात धरून बसलो.

दरम्यान साहेबांनी आणखी एकदा गमछा बदलला. आता ते दिल्लीत असतात.

पूनम आता नागपुरातच कळमन्याकडं राहते, मावशीजवळ. तिकडं मिरचीचे सातरे आहेत. मोकळ्या मैदानात लाल मिरचीचे ढीग आणि भोवती बसलेल्या बाया, दिवसभर मिरचीचे देठ तोडतात. पूनम तेच करते. हात आतून जळतात. घासलेटानं जात नाही, साबणानं जात नाही. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडं येते. मी दही आणून ठेवतो. ती वाडग्यात हात बुडवून बसते, आम्ही टीव्ही बघतो. सातऱ्यावरच्या बायांना ती मोबाइलमधला तो फोटो दाखवते. मला सांगते, "मी म्हणतो त्याईले, हे आमचे आबाजी. मंत्र्यासंग बरोबरीनं उभे." आमच्याकडच्या पोरी कधीकधी पोरांसारखंच 'मी म्हणतो' म्हणतात. मी हसायचो.

गेल्या महिन्यात अशीच बसली होती. बातम्या लागल्या होत्या. आमचे साहेब कुठल्याशा देवळात पायी चालले होते. अनवाणी. आजूबाजूला पंधरा-वीस कॅमेरे. कॅमेरा मुद्दाम त्यांच्या पायांवर जात होता. गोरे, मऊ, धुतलेले पाय. बातमी सांगणारी बाई भारावून गेली होती. सत्तेच्या शिखरावर असूनही हा साधेपणा, असं काहीतरी म्हणत होती.

पूनम पुढं सरकली. "आबाजी, हे तुमचेच साहेब न? पाहा न, कसे अनवाणी चालून राहिले बिचारे."

बिचारे.

तिचे हात दह्यात होते. बोटं सुजलेली. आणि ती त्या पायांसाठी हळहळत होती.

मी टीव्ही बंद केला. म्हटलं, "त्यांना बिचारे म्हणू नको." आणि सगळं सांगितलं. फाटक, बूट, फरशी, पूल, कचऱ्याची गाडी. एकदाही न थांबता. मी इतक्या वर्षांत स्वतःशीसुद्धा ते असं सलग बोललो नव्हतो.

मग तिनं एकच विचारलं.

"म्हणजे आमची शाळा तुम्ही मागतलीच नाही?"

"नाही."

तिनं हात बाहेर काढले. धुतले नाहीत, ओढणीला पुसले. चहा ठेवला होता, तो न घेता गेली. त्यानंतर ती आलेली नाही. दही मी अजून आणतो.

पुढच्याच आठवड्यात गावाला गेलो. बंद पडलेल्या वर्गात आता कोणाचं तरी गुरांसाठीचं कुटार, भुसा, भरलेलं आहे. त्याच्याच ओट्यावर बायांना बोलावलं. उभं राहून सांगितलं. भाषण केलं नाही. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "आमी त्या फोटूले हार घातला होता गा, बापा." कोणी म्हणालं, "शिकेल मानूस, अन् चपलीसाठी मुका झाला." कोणी नुसतीच उठून गेली. मला बरं वाटलं. हलकं वाटलं असं नाही. जे मिळायला हवं होतं ते मिळालं, एवढंच.

वंदना शेवटपर्यंत बसून राहिली. बाकीच्या गेल्यावर म्हणाली, "मी माह्या चपला काढून देल्ल्या तुमाले. तवा तरी सांगाचं होतं."

मी म्हटलं, "लाज वाटली, पोरी."

"तुमची काहून लाज? ज्यानं काढाले लावल्या त्याची न?" तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत ती माझ्यापुढं कधी मोठ्यानं बोलली नव्हती. "पोरीच्या शाळेसाठी बाया किती दिवस बसल्या असत्या, मले नाही मालूम. घरचे बोलावत होते, कापूस उभा होता. पन आपल्या म्हाताऱ्याइच्या चपला कचऱ्यात टाकल्या, हे सांगितलं असतं न मोठे बाबा, तं एक बाई उठली नसती. एक नाही."

मग ती घरी जाऊन भिंतीवरचा फोटो घेऊन आली. मला वाटलं, फोडेल. तिनं तो माझ्या हातात दिला. "घेऊन जा. आमाले नाही पाह्यजे."

तेव्हापासून तो माझ्यासमोर आहे. मी आयुष्यभर समजत होतो की माझा अपमान ही माझी खाजगी गोष्ट आहे. झाकून ठेवायची. माझ्या लोकांना त्याची झळ लागू नये. आणि तीच एक गोष्ट होती जी त्यांना तिथं बसवून ठेवणार होती. ती मी माझ्या खिशात घालून घरी आणली. बापाच्या पायाला सवय झाली होती. माझ्या जिभेला झाली.

पूनमची शाळा आता येत नाही. आली तरी तिच्या कामाची नाही. तिच्या लग्नाचं बोलणं चाललं आहे असं कळतं. मला कोणी विचारत नाही, आणि ते बरोबर आहे.

पण यंदा रस्त्याच्या दुभाजकाला रंग लागायला लागला आहे. सदर भागाकडं जाताना काल रंगाचा वास आला. वंदनानं निरोप पाठवला आहे की आता चौथीपर्यंतचे वर्गही जाणार आहेत, बाया निघणार आहेत. मला बोलायला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. मागं बसेन.

आणि आतून निरोप आला, पाच जण पाठवा, तर मी उठून उभा राहीन. मला कोणी म्हातारा म्हणो, खोटारडा म्हणो. मी सांगेन, कोणी आत जाणार नाही. ज्याला बोलायचं आहे त्यानं कठड्यापर्यंत चालत यावं. पायात बूट घालून यावं. आमच्याही पायात चपला असतील. जे बोलायचं ते या सगळ्या बायांसमोर बोलावं. म्हणजे चर्चा कशी झाली, हे कोणाला गाडीवर चढून सांगावं लागणार नाही.

वंदनाच्या निळ्या स्लिपर मी जपून ठेवल्या होत्या. त्या तिला परत करणार आहे, तिथंच, सगळ्यांसमोर. माझ्यासाठी नव्या घेतल्या आहेत. त्या देवापुढं काढीन. आणखी कोणापुढं काढायच्या असतील तर माझे पाय तोडून न्यावे लागतील.